सुनांची पंगत

“यंदाबी गुडघाच का गं, का दुसरं काय शोधून ठेवलंयस?”

आत्यांनी हे भर देवळात विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. नागपंचमी तोंडावर आली होती आणि हिंगणवाडीतल्या झाडून सगळ्या सुना कबड्डीचा संघ ठरवायला भैरोबाच्या देवळात जमल्या होत्या.

“गुडघाच,” मी म्हणाले.

“बरा हाय बाई तुझा गुडघा. शाळंला जाताना दुखत न्हाई, बाजाराला जाताना दुखत न्हाई. श्रावण लागला की दुखतोय.”

बायका खो खो हसल्या. मीही हसले. न हसून करते काय? संघात माझ्या जागी खालच्या आळीच्या एका नव्या नवरीला घेतलं. तिनं आयुष्यात कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिलेली होती.

आमच्या गावची ही रीत बाहेरच्यांना सांगितली की खरी वाटत नाही. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी एका बाजूला आणि गावात नांदायला आलेल्या सुना दुसऱ्या बाजूला, असा दुसऱ्या दिवशी कबड्डीचा सामना होतो. कासोटा घालून खेळायचं, मैदानात पुरुष नको, पंच म्हणून शेजारच्या गावातल्या कुणी बाई. पंचमीला चुलीवर तवा चढत नाही, म्हणून पुरणपोळीचा बेत दुसऱ्या दिवशी. हरलेल्या बाजूनं पोळ्या लाटायच्या, जिंकलेल्या बाजूनं पाटावर बसून खायच्या. लेकी लहानपणापासून त्याच मातीत एकत्र खेळलेल्या, आणि सुना बारा गावांच्या. त्यामुळे दरवर्षी सुना हरायच्या, लाटायच्या आणि वाढायच्या. म्हणजे रोज जे करायच्या तेच त्या दिवशीही करायच्या. वर लेकी पाटावरून टोमणे मारायच्या की आमटीला फोडणी कमी पडली. त्यांची म्होरकी माझी थोरली नणंद, वैजयंतावन्सं. त्यांची पकड म्हणजे घोरपडीची. एकदा कमरेला मिठी बसली की सुटका नाही.

आणि मी कोण? मी उज्ज्वला, जिल्ह्याकडून राज्य स्पर्धा खेळलेली, शाळेत खेळाची शिक्षिका. चढाईला गेले की दोघीतिघींना बाद करूनच परत यायची. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण मग माझं कोण करणार होतं? सासऱ्यांनी मला पसंत केलं तेव्हा आत्या आख्ख्या भावकीला सांगत फिरल्या होत्या, आता बघा सुना कशा जिंकत्यात. पहिल्या पंचमीला मी पोटुशी होते. मग थोरलीचं अंगावरचं दूध. मग धाकट्याच्या वेळी पुन्हा तेच. आणि त्यानंतर गुडघा सुरू झाला.

गुडघ्याला काहीही झालं नव्हतं.

धाकटा चार किलोचा झाला, तोही फार अडून. बाळंतपणाची रजा संपवून शाळेत हजर झाले आणि पहिल्याच आठवड्यात मुलींना उडी मारून पाय कसा सोडवायचा ते दाखवायला गेले. उडी मारली आणि लघवी झाली. थेंबभर नव्हे, पार पायापर्यंत ओघळ आला. मुली लहान होत्या, त्यांना कळलं नाही. मी गडद रंगाची साडी नेसले होते म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी गडद रंगाशिवाय साडी नेसले नाही. शिंक आली की मांडीवर मांडी आवळायची, खोकला आला की खाली बसायचं, आत कापडाची घडी कायमची. शिट्टी जोरात फुंकायचीही मला भीती वाटायची. धावणारी, उड्या मारणारी मी, पंचविशीत दगडासारखी एका जागी उभी राहून मुलींना नुसत्या सूचना द्यायला लागले. किती रडले असेन त्याचा हिशोब नाही.

एकदा धीर करून आत्यांच्या कानावर घातलं होतं. त्या शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, “आत्या, शिंकलं की मला जरा होतं.”

त्यांनी वर बघितलंच नाही. “बाईच्या जातीला आसतंय ते. बाळातपण काय फुकाट होतंय का? कुणाला बोलू नगंस.”

“पण औषध असेल ना काहीतरी?”

“म्हणलं न्हवं, बोलू नगंस!” शेंगांचं सूप उचलून त्या आत निघून गेल्या. त्यानंतर मी तो विषय घरात काढला नाही. त्यांच्या त्या तुटकपणाचा मला राग आला होता, आणि तो बरीच वर्षं टिकला.

देवळातल्या त्या हशानंतर, दिवाळीच्या सुमारास, मी शाळेच्या मुलींचा संघ घेऊन तालुक्याच्या स्पर्धेला गेले. तिथं दुखापतींसाठी एक फिजिओथेरपिस्ट बसवली होती. तस्लीम मुल्ला. कोवळी पोर वाटावी इतकी बारीक, पण नजर अशी की काही सुटत नाही. आमच्या मुली अंतिम सामना जिंकल्या. सगळ्या शाळांच्या शिक्षिका अशा वेळी नाचतात. मी गुडघ्याचं निमित्त करून बाकावर बसून टाळ्या वाजवत होते.

तस्लीम येऊन शेजारी बसली. “मॅडम, गुडघा दुखतो का?”

“हो, जुनं दुखणं.”

“दाखवा बघू.” मी नाही म्हणेपर्यंत तिनं पाय हातात घेतला, वाकवला, फिरवला, दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हा गुडघा माझ्यापेक्षा चांगला आहे. सकाळपासून प्रत्येक सामन्याच्या आधी तुम्ही बाथरूमला जाऊन येताय. मघाशी खोकला आला तर खाली बसलात. किती वर्षं चाललंय हे?”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं, आणि तेही शंभर माणसांत, पण माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

“धाकटा झाल्यापासून,” मी म्हटलं.

“मग इतके दिवस काय करत होतात?”

“गडद साड्या नेसत होते.”

ती हसली, आणि तिचं हसू मला लागलं नाही. तिनं सांगितलं की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, लघवीची पिशवी आणि गर्भाशय तिच्यावरच टेकलेली असतात. बाळंतपणात ती झोळी ताणली जाते, सैल पडते. दंडाचे स्नायू कमावतात तसे हेही कमावता येतात. लघवी अडवावी आणि चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळून धरावं, तसं दोन्ही एकदम करायचं, थोडं धरायचं, मग पूर्ण सोडायचं. रोज, न चुकता.

“एवढंच?” मी म्हटलं.

“एवढंच. पण नीट. आणि दवाखान्यात येऊन एकदा तपासून घ्या.”

‘एवढंच’ ऐकल्यावर माझ्यातली खेळाडू जागी झाली. मला तालमीची सवय. दवाखान्यात कशाला जायचं? मी दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून गोठ्यामागच्या खोलीत सतरंजी टाकली आणि सुरू केलं. आम्ही दम धरायला शिकलेल्या पोरी. छाती भरून श्वास घेतला, कोंडला, दात आवळले, मांड्या आवळल्या, पोट दगडासारखं केलं आणि सगळा जोर खाली लावला. चेहरा लालबुंद होईपर्यंत. तिनं सांगितलं होतं त्याच्या दुप्पट केलं, मग तिप्पट. महिना-दीड महिना असा घाम गाळला आणि एक दिवस वर्गात खडू उचलायला वाकले तर नुसत्या वाकण्यानं साडी ओली झाली. आधी वाकताना कधी होत नव्हतं. माझं दुखणं मी मेहनत करून वाढवलं होतं.

तणतणतच तस्लीमच्या दवाखान्यात गेले. “तुमच्या व्यायामानं माझं वाटोळं झालं!”

“करून दाखवा,” ती शांतपणे म्हणाली.

पडद्याआड तिनं तपासलं. मी सगळी ताकद पणाला लावली.

“थांबा, थांबा! मॅडम, हे तर तुम्ही बाळंत होताय!”

“म्हणजे?”

“खाली ढकलताय. झोळी वर उचलायची आहे, आत आणि वर. तुम्ही श्वास कोंडून तिच्यावर आणखी ओझं टाकताय. आणि मांड्या, पोट, दात, यांचा इथं काही संबंध नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळलंसुद्धा नाही पाहिजे.”

“श्वास नाही कोंडायचा?”

“अजिबात नाही.”

ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण. आवळायला गेलं की श्वास आपोआप कोंडला जायचा. सोडायला गेलं की आवळलेलंही सुटायचं. तस्लीम म्हणाली आकडे मोजा. आकडे मी मनातल्या मनात मोजायची, तोंड बंद ते बंदच. ती म्हणाली गाणं म्हणा. गाणं मला येत नाही. मी चिडले, ती चिडली नाही. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. आम्ही दम धरतो, दम धरतो असं म्हणतो खरं, पण चढाईत कुणी श्वास कोंडतं का? चढाईत तर सबंध वेळ श्वास बाहेर जात असतो. बोलणं थांबलं की बाद.

“एक मिनिट,” मी म्हटलं, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले, “कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी...”

तस्लीमचा हात तपासत होता. तिच्या भुवया वर गेल्या. “हे बरोबर आहे. परत करा. हो, उचललंत! मॅडम, हे कुठून काढलंत?”

“आमचं घरचंच आहे,” मी म्हटलं. एवढी गंमत मला राज्य स्पर्धेतही वाटली नव्हती.

त्यानंतर मी घाई केली नाही. पहाटे सतरंजीवर, दुपारी स्टाफरूममध्ये खुर्चीवर, संध्याकाळी भाकऱ्या थापताना. हळू उचलायचं, धरायचं, पूर्ण सोडायचं. मग भरभर उचल-सोड. तस्लीमनं आणखी एक युक्ती शिकवली. शिंक येतेय असं वाटलं की शिंकेच्या आधी उचलायचं, उडीच्या आधी उचलायचं. आधी आवळ, मग उडी. सुरुवातीला काडीचा फरक दिसेना. मग एक दिवस फोडणीचा ठसका लागला, मी खच्चून शिंकले, आणि काही झालं नाही. मी कढईपुढे उभी राहून पुन्हा मिरची टाकली. पुन्हा शिंकले. काही झालं नाही. घरभर मिरचीच्या धुराचा खाट झाला, सासरे खोकत ओसरीवर पळाले आणि मी आनंदानं डोळे पुसत होते.

माझं पहाटेचं पुटपुटणं आत्यांच्या कानावर गेलंच. एकदा त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“काय नेम धरलायस का गं?”

“हो आत्या, नाम घेते.”

“कुणाचं?”

“भैरोबाचं.”

त्या समाधानानं गेल्या आणि शेजारणीला सांगून आल्या की सुनेला सुबुद्धी झाली. मी काही त्यांना खरं सांगायला गेले नाही. शेंगा फोडतानाचं ते ‘बोलू नगंस’ मी विसरले नव्हते.

उन्हाळ्यापर्यंत मी शाळेच्या मैदानात मुलींबरोबर धावत होते. मृग निघाला तेव्हा उड्या मारत होते. आणि पंचमीच्या आधी पुन्हा देवळात बैठक बसली तेव्हा आत्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “यंदा मी खेळणार.”

आत्यांनी नाकाला बोट लावलं. “आणि गुडघा?”

“गुडघा भैरोबाला वाहिला.”

मी कप्तान झाले आणि सुनांचा घाम काढला. भांडी घासून झाली की रोज दुपारी शाळेच्या मागं मैदानात. साखळी कशी धरायची, कोपरा कसा सांभाळायचा. नव्या नवरीला मी पकड शिकवली आणि ती पोरगी अशी तयार झाली की तिचा नवरा घाबरून वागायला लागला असं गावात म्हणत. पण मला झोप लागत नव्हती. शाळेच्या पोरींबरोबर खेळणं वेगळं, आणि वन्संच्या मिठीत सापडून ओटीपोट दाबलं जाणं वेगळं. सगळ्या गावच्या बायकांपुढं, लेकींपुढं, माझ्या थोरलीपुढं काही झालं तर मी शाळेत तरी कुठल्या तोंडानं जाणार होते? कापडाची घडी घ्यावी की घेऊ नये यावर मी सकाळपर्यंत विचार केला. शेवटी घेतली नाही. आणि साडी नेसले ती पिवळीधम्मक.

आत्यांनी बघितलं. “ही साडी मळंल की.”

“मळू दे.”

सामना भैरोबाच्या माळावर झाला. पुरुषांना बंदी होती, म्हणून ते शाळेच्या गच्चीवर उभं राहून आपण ढग बघतोय असं दाखवत होते. लेकींनी पहिल्या भागात आम्हाला धुतलं. मी चढायांना जात होते, गुण आणत होते, पण पाय जपूनच टाकत होते. वन्संच्या वाटेला जातच नव्हते. त्यांना ते कळलं.

“वैनी, लांबनं लांबनं काय? ये की हिकडं, जुनी खेळाडू न्हवं का तू?”

लेकी हसल्या. मध्यंतरात मी एका बाजूला उभी राहून एक श्वास घेतला आणि हळूहळू पुटपुटत उचललं. सगळं जागच्या जागी होतं. मी स्वतःलाच म्हटलं, उज्ज्वला, ज्यासाठी एवढं केलंस ते वाचवून ठेवणार आहेस का?

दुसऱ्या भागात मी सुटले. एक उडी अशी मारली की खाली वाकलेल्या लेकीच्या पाठीवरून पलीकडे. माझ्या थोरलीची किंकाळी मला ऐकू आली, “आई!” आधी आवळ, मग उडी. काही झालं नाही. त्यानंतर मला भीती आठवलीच नाही. नव्या नवरीनं दोन पकडी केल्या आणि वेळ संपत आला तेव्हा गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई माझी होती.

मी सरळ वन्संकडे गेले. त्यांच्या खांद्याला हात लावला आणि वळले, तोच कमरेला ती घोरपड चिकटली. मी तोंडावर पडले. वन्सं अंगावर, त्यांच्यावर आणखी एक लेक. ओटीपोटावर सगळं ओझं, तोंडात माती, आणि मध्यरेषा हातभर लांब. दम सोडला असता तर सामना गेला असता. श्वास कोंडला असता तरी दम गेलाच असता, शिवाय माझं सगळं गेलं असतं. मी बोलत राहिले. कबड्डी कबड्डी कबड्डी. उचलून धरलं आणि कोपरांवर सरकले. वितीवितीनं. वन्सं कण्हत होत्या पण सोडत नव्हत्या. मी दोघींना घेऊन ओढत गेले आणि माझी बोटं रेषेपलीकडे पडली.

शिट्टी झाली. सुनांनी माळ डोक्यावर घेतला. मी उठून उभी राहिले आणि पहिल्यांदा खाली बघितलं. साडी मातीनं माखली होती. बाकी काही नव्हतं. मी दोन्ही हात वर केले आणि गच्चीवरच्या ढग बघणाऱ्यांना ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

त्या दिवशी हिंगणवाडीत पहिल्यांदा सुनांची पंगत बसली. देवळाच्या मंडपात पाट मांडले होते. सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा सुना म्हणून पाटावर बसल्या, कारण त्याही कधीकाळी कुठून तरी या गावात आलेल्याच होत्या. आत्या माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. त्यांची लेक त्यांना पोळी वाढत होती आणि त्या मुद्दाम म्हणत होत्या, “तूप घाल की जरा, हात आखडू नगंस.”

वन्सं माझ्यापुढं आल्या. हरल्याचा राग नव्हता, त्या दिलदार आहेत. “वैनी, खरं सांग. वरीसभर काय खाल्लंस? गुडघा कुठं गेला?”

जुनं हाड आहे असं म्हणून मला सुटता आलं असतं. सगळ्या तेच म्हणत होत्या, शेवटी राज्याची खेळाडू ती. पण मला ते कौतुक नको होतं. ते जुनं होतं, विशीतलं होतं. मी जे खरं कमावलं होतं ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

“वन्सं, गुडघा कधी दुखलाच नाही,” मी म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “मला उडी मारली की लघवी व्हायची. शिंकलं तरी व्हायची. धाकटा झाल्यापासून.”

वाढणाऱ्या थांबल्या. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. आत्यांचा घास हातातच राहिला.

“आगं, पंगतीत काय बोलतीस!” वन्सं कुजबुजल्या.

“पंगतीत का नको? इथं बसलेल्या बहुतेक सगळ्या बाळंत झालेल्याच आहेत. मी व्यायाम केला. चुकीचा केला, वाढवून घेतलं, मग बरोबर शिकले. आज तुम्ही दोघी माझ्या पोटावर होता, वन्सं. एक थेंब गेला नाही. मला जिंकल्यापेक्षा त्याचा जास्त अभिमान आहे.”

मला वाटलं, आता उद्यापासून गावात तोंड काढायची सोय नाही. मग पंगतीच्या टोकाला नव्या नवरीची जाऊ बसली होती, तिनं मान खाली घालूनच विचारलं, “बाई, मला हसलं तरी हुतंय. जातंय ते?”

“बऱ्याच जणींचं जातं, नाहीतर कमी तरी होतं. आधी तपासून घ्यायचं, मग शिकायचं.”

“मला पाण्याची कळशी उचलली की,” दुसरी म्हणाली. मग तिसरी बोलली. वन्संनी पोळ्यांचं ताट खाली ठेवलं आणि माझ्यासमोर चक्क फतकल मारून बसल्या. “मलाबी सांग,” त्या म्हणाल्या. “पर आधी जेव.”

आत्या मात्र पान पूर्ण न खाताच उठल्या. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला कळलं, आपण फार मोठी आगळीक केली.

संध्याकाळी परसात त्या एकट्याच पितळी घासत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, राख घेतली, घासायला लागले. आता बोलणी बसणार म्हणून मनाची तयारी केली होती.

“मंगळवेढ्याचा माझा दादा वारला, तवा मी गेले न्हाई,” त्या एकदम म्हणाल्या.

ते सगळ्या भावकीला ठाऊक होतं. जमिनीच्या वाटणीवरून आत्यांनी भावाशी उभा दावा मांडला आणि त्याच्या मातीलाही गेल्या नाहीत, असं लोक अजून बोलत. मीही तेच धरून चालले होते.

“वाटणीचं काय न्हवतं,” आत्या घासत घासत म्हणाल्या. “वाटणी मी मागितलीच न्हवती कधी. सगळा दीस यष्टीत जातोय, दोनदा बदलायची. गाडीनं हिसका दिला की मला हुयाचं. सांगलीपतूरच लुगडं भिजलं आसतं. ज्या भावानं मला खांद्यावर बसवून जत्रा दावली, त्याच्या मातीला भिजल्या लुगड्यानं कशी हुबी ऱ्हाऊ? म्हणून न्हाई गेले. लोक म्हणाले भांडाण हाय. म्हणलं म्हणू द्यात. त्यापरीस भांडकुदळ बरी.”

माझ्या हातातली पितळी तशीच राहिली. शेंगांचं सूप घेऊन आत निघून गेलेली ती बाई मला पहिल्यांदा नीट दिसली. इतकी वर्षं मी तिच्यावर रागावले होते. मी त्यांचा राखेचा हात धरला आणि रडले. त्या रडल्या नाहीत.

“माझ्या वयाला जमंल का?” त्यांनी विचारलं.

“तस्लीमला विचारू.”

“नाम घ्यावं लागंल का भैरोबाचं?”

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सतरंजीवर माझ्या आधी येऊन बसल्या. तस्लीमनं तपासून शिकवलं. कबड्डी म्हणायला आत्यांनी साफ नकार दिला. त्या जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, श्वास बाहेर सोडत, एका लयीत, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा लवकर शिकल्या. अगदी पूर्ण काही गेलं नाही. पण आत्या शिंकल्यावर आता दार धरून उभ्या राहत नव्हत्या.

दिवाळीत त्यांनी जाहीर केलं, भाऊबीजेला मंगळवेढ्याला जाणार. तिथं धाकटा भाऊ होता. आमचे हे म्हणाले जीप करू. आत्या म्हणाल्या, “यष्टीनंच जाणार. एकटी.” कुणाला काही कळेना. मला आणि वन्संना कळलं. सकाळी त्यांना गाडीत बसवून आलो तेव्हा त्या खिडकीशी फिकट रंगाचं लुगडं नेसून बसल्या होत्या. आयुष्यात मी त्यांना फिकट लुगड्यात पाहिलं नव्हतं.

तो दिवस सरता सरला नाही. वन्संनी भावाला ओवाळलं, जेवणं झाली, सासरे ओसरीवर पेपर वाचत बसले. मी शंभरदा फोनकडे बघितलं. चार वाजून गेले तेव्हा फोन वाजला. आत्यांना फोनवर हळू बोलता येत नाही, आणि ह्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता.

“उज्वला हाय का तिथं?”

“बोला आत्या, मीच आहे.”

“पोचले!” आत्या ओरडल्या. मागं मंगळवेढ्याच्या घरातल्या माणसांची गडबड ऐकू येत होती. त्यांना त्याची काही पर्वा नव्हती. “तिन्ही गाड्या हिसकं दिऊन दिऊन आल्या. कोरडी पोचले गं पोरी, पार कोरडी! आता जरा दादाच्या फोटूम्होरं बसते.”

आणि त्यांनी फोन ठेवला.